ठिपक्यांचा गहू

आमच्या घरात डागी पानाच्या रोपाचं बियाणं कणगीत जात नसे. गहू पिवळा पडायच्या आधी एका सकाळी माय डोक्यावरचा पदर घट्ट ओढून बन्सी गव्हाच्या वावरात उतरायची आणि ज्या रोपाची पानं शेंड्यापासून बुडापर्यंत स्वच्छ असतील त्याच्याच ओंबीला लाल दोरा बांधायची. दोऱ्याच्या ओंब्या वेगळ्या कापायच्या, वेगळ्या झोडायच्या आणि राखेत घालून ठेवायच्या. त्या गव्हाच्या शेवया लांबसडक निघायच्या आणि शिजताना तुटायच्या नाहीत, याचा मायला अभिमान होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. डाग दिसला की रोप रोगट, डाग नसला की निरोगी, असं आमचं सोपं गणित. पुढं माझा सगळा जन्म झाडांच्या रोगांत गेला आणि हे गणित चुकतं कुठं ते मी कित्येक वर्गांना फळ्यावर समजावून दिलं. पण मी स्वतः ते शिकले ते विहिरीजवळच्या पट्ट्यात, विळे घेतलेल्या माणसांपुढं.

आमचं गाव परभणीजवळच्या पेडगावच्या आत, काळ्या रानात. घरात वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, माय, काका-काकू आणि आम्ही भावंडं, सगळ्यांची चूल एक. सकाळी जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि त्याच वेळी लांबून विहिरीवरच्या इंजिनाची फटफट सुरू व्हायची. थंडीच्या दिवसांत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी रोज असे, तिच्या फोडणीनं डोळे चुरचुरायचे आणि तरी आम्ही चुलीपासून हलत नसू. अण्णांचं बोलणं मोजकं. एखाद्या गोष्टीवर ते नुसतं ‘हं’ म्हणायचे, आणि तो हं होकाराचा की नकाराचा हे फक्त मायला कळायचं. काका त्यांच्या उलट. गावात कुठंही चार माणसं जमली की मधला आवाज काकांचा. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. मला सायकल त्यांनीच शिकवली, कॅरियर धरून वावरांमधल्या गाडीवाटेनं, सगळ्या पांदीतून धावत, आणि पोरीच्या जातीला सायकल कशाला असं म्हणणाऱ्या काकूला त्यांनीच गप्प केलं होतं. म्हणून तर पुढचं सगळं मला इतकं लागलं.

परभणीला शेतीच्या कॉलेजात मी जायला लागले तेव्हा तिथं मुली बोटावर मोजण्याइतक्या होत्या. शेवटच्या वर्षाला आले आणि जिंतूरचं एक स्थळ चालून आलं. घर चांगलं, मुलगा शिकलेला, नाही म्हणायला काही जागाच नाही. मला पुढं शिकायचं होतं. काका म्हणाले, शिकून हिनं आमच्या वावरात काय दिवे लावले ते एकदा दिसू तर द्या. अण्णांनी यावर बराच वेळ सुपारी कातरली आणि मग मला विचारलं, तुझ्या सरांकडं चांगलं बियाणं हाय म्हणतीस, ते आपल्या रानात उभं राहील का? मी राहील म्हणाले. मग त्यांनी निवाडा दिला: विहिरीजवळचा एक पट्टा तुझा. त्यातलं बियाणं उभं राहिलं तर शीक, नाही राहिलं तर जिंतूरकरांना होकार. मला तो निवाडा फार न्यायाचा वाटला. कोवळ्या वयात माणसाला गव्हावर आपलं आयुष्य लावायला भीती वाटत नाही.

बियाणं दिलं साळवे सरांनी. ते आम्हाला वनस्पतींचे रोग शिकवायचे. अंगानं किरकोळ, आवाज हळू, खांद्याला कायम एक प्लॅस्टिकची पाण्याची बाटली लटकवलेली. गावोगावच्या प्लॉटांवर जातानाही ती बाटली असायचीच. मला वाटायचं, सर स्वच्छतेचे भोक्ते आहेत. आम्ही पोरी त्यावरून हसायचोसुद्धा. त्या बाटलीचं खरं कारण मला सुचलंही नाही, इतकी मी आमच्या घराची लेक होते.

त्या हिवाळ्यात हवा बिघडलेलीच होती. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यापासून मराठवाडा शांत म्हणून राहिला नव्हता. पहिल्या पावसाळ्यात लांबच्या गावांतून घरं जाळल्याच्या खबरा आल्या होत्या, आणि त्यानंतर कधी बंद, कधी मोर्चा, कधी एसटीवर दगड. कॉलेज बंद झालं आणि आम्हाला घरी पाठवलं. काका रोज कुठल्या तरी बैठकीला जायचे आणि तांबारलेल्या डोळ्यांनी परत यायचे. आमच्या खुरपणीला ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या बाया येत, त्यांना बोलावणं थांबलं. कुणी ठरवलं हे कुणी सांगितलं नाही. माय एकटीच वाकून खुरपायची आणि मधूनच उभी राहून ओढ्याकडं बघायची.

अशात दोन-तीन सकाळी दाट धुई पडली आणि माझ्या पट्ट्यावर ठिपके आले. टाचणीच्या डोक्याएवढे, करडे-तपकिरी, पानोपान. बाजूला अण्णांचा बन्सी हिरवागार, आणि मधे माझा पट्टा देवी आलेल्या पोरासारखा. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसकण मारली. मग हळूहळू सरांचा एक तास आठवला. सर म्हणाले होते, तांबेऱ्याच्या बुरशीला जिवंत पेशीच खायला लागते. ताकदवान झाडात बुरशीचा धागा शिरला की त्या जागेची पेशी त्याला ओळखते, शेजारणींना सावध करते आणि स्वतः मरून जाते. मेलेल्या पेशीत बुरशी उपाशी मरते. आपल्याला दिसतो तो फक्त डाग. दुबळं झाड ओळखतच नाही. ते आरामात हिरवं राहतं, आणि बुरशी आत पोट भरून घेते. कुणीतरी विचारलं होतं, पण सर, पेशी ओळखते कशी? सर फळा पुसता पुसता म्हणाले होते, ते अजून आपल्याला नीट माहीत नाही.

आज बरंच माहीत आहे. पेशीच्या पडद्यावर ग्राही प्रथिनं असतात, हल्लीची मुलं त्यांना रिसेप्टरच म्हणतात. बुरशीच्या कवचाचा बारीकसा तुकडा त्यांना लागला की आत वर्दी जाते. तो पहारा चुकवून एखादी बुरशी आत शिरलीच, तर पेशीच्या आत दुसरा पहारा असतो, आणि पेशीला मरायला लावणारा बहुतेक वेळा तोच. हे सगळं मी नंतर शिकले, काही थोडं स्वतःच्या प्रयोगशाळेत पाहिलं. त्या धुऱ्यावर माझ्याकडं सरांचं एक वाक्य होतं आणि कमरेला खोचलेला पांढरा रुमाल.

तो रुमाल मी अण्णांच्या हातात दिला आणि ठिपक्यांची पानं त्यावर घासायला सांगितली. तांबेरा असता तर भगवी भुकटी निघाली असती. अण्णांनी घासून घासून पान फाडलं, रुमाल स्वच्छच. हे बघा, म्हटलं, हा रोग नाही, रोगाला अडवल्याची खूण आहे. अण्णा ‘हं’ म्हणाले. मी मायकडं पाहिलं, तर या वेळी तिलाही तो हं कळलेला दिसला नाही. संध्याकाळपर्यंत काकांना खबर लागली. भुकटी आज नाही तर उद्या निघंल, ते म्हणाले. बाहेरचं बियाणं, बाहेरचा रोग. सगळ्या शिवारात पसरायच्या आत उपटून जाळायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला ते आलेच. बरोबर शेजारच्या वावरांचे मालक, हातात विळे. मी पट्ट्याच्या तोंडाशी उभी राहिले. मला बाजूला ओढायला कुणी पुढं आलं नाही, पण कुणी मागंही हटलं नाही. अण्णा विहिरीच्या थारोळ्यावर, पाणी पडायच्या कुंडाच्या काठावर, बसून होते. काका त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते, दादा, तुमी हो म्हणा, लगीच मोकळं करतो. अण्णा बोलत नव्हते, आणि माझं सगळं भवितव्य त्या न बोलण्यात अडकलेलं होतं. तेवढ्यात पांदीतून सायकलवर साळवे सर येताना दिसले. ठिपके दिसायची वेळ झाली हे त्यांना ठाऊक होतं, एसटी बंद म्हणून परभणीपासून सायकल मारत आले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली. या दिवसांत, या माणसांत, त्यांनी यायला नको होतं.

सरांनी सायकल धुऱ्याला टेकवली, सगळ्यांना नमस्कार केला. काकांनी नमस्कार घेतला नाही. सगळं ठाऊक असून त्यांनी चारचौघांत विचारलं, ‘‘गाव कोणतं म्हणायचं तुमचं? आन् आडनाव?’’

‘‘वालूर,’’ सर म्हणाले. ‘‘साळवे. घर वेशीबाहेर हाय.’’

 सरांनी विचारलं, बन्सीचं एक पान तोडलं तर चालेल का? अण्णांनी मान हलवली. सरांनी ते पान उन्हाकडं धरलं आणि फिकट, फुगीर, जेमतेम दिसणारे बिंदू दाखवले.  सर सांगत होते की बुरशी दोन्ही गव्हांत शिरली आहे, एकानं ओळखली, एकानं नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत थांबा. तोवर बन्सी भगवा झाला नाही तर पट्टा मी माझ्या हातानं उपटीन.

काका हसले. ‘‘म्हंजी झाडाला बी आपलं आन् परकं कळतंय. मग आमाला कळलं तर आमचं काय चुकलं, सर?’’

माणसं हसली.  सर खाली बसले आणि धुऱ्यालगतच्या ओळीतलं हरभऱ्याचं एक रोप अलगद मुळासकट उपटलं, माती झाडली. मुळांवर गुलाबी गाठी होत्या. काकांच्या हातात ते रोप देऊन सर म्हणाले, ‘‘या गाठींत जिवाणू हायत. तेबी बाहेरून आलेत, मातीतून. मुळानं त्यांना आत घेतलंय, घर बांधून दिलंय, कारण ते झाडाला खत देतात. झाड कोण कुठून आलं ते बघत न्हाई, काका. आत येऊन काय करायलाय ते बघतं.’’

त्या जिवाणूनं मुळाला घातलेली हाक, म्हणजे त्यानं सोडलेला रेणू, आणि बुरशीच्या कवचाचा तुकडा, दोन्ही एकाच घडणीचे निघाले, एवढ्याशा फरकाचे, आणि मूळ तेवढा फरक ओळखतं. हे पुढं कळलं तेव्हा मला सगळ्यात आधी सर आठवले. त्यांना तेव्हा हे माहीत नव्हतं, जगात कुणालाच नव्हतं.

काकांनी ते रोप खाली टाकलं. अण्णा उठले आणि म्हणाले, ‘‘बाजारापर्यंत थांबू.’’ माणसं पांगायला लागली. एवढ्यात माय भाकरी घेऊन आली. सरांनी बाटली तोंडाला लावली, ती रिकामी होती. एवढी सायकल मारून आलेला माणूस, त्यांनी झाकण परत लावलं आणि बाटली खांद्याला अडकवली. त्या झाकणाच्या आवाजाबरोबर मला ती बाटली कशासाठी आहे ते समजलं, आणि तोंड लपवावंसं वाटलं. अण्णांनी पाहिलं. त्यांचा स्वतःचा तांब्या घागरीवर पालथा होता. पोरी, सरांना पाणी दे, ते म्हणाले. मायचा हात क्षणभर घागरीवरच राहिला, मग तिनं तो काढून घेतला. मी तोच तांब्या भरून दिला. सरांनी मान मागं टाकून पाण्याची धार वरून तोंडात सोडली, काठाला ओठ लागू न देता, आणि एक थेंबही सांडला नाही. काका अजून पांदीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं आणि मग निघून गेले.

बाजाराच्या दिवसापर्यंत घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. काका जेवायला उशिरा यायचे, काकू ताटं आपटायची. मी रोज उजाडता पट्ट्यावर जाऊन यायचे. ठिपके होते तेवढेच, बन्सी होता तसाच हिरवा, आणि मला पहिल्यांदा शंका यायला लागली की सरच चुकले असतील तर? मग जिंतूर. मी त्या घराचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करायचे आणि मला तिथं नुसता धूर दिसायचा.

बाजाराच्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर आले. धुक्यातून आधी बन्सी दिसला. तो भगवा झाला होता. खालची पानं हळद-कुंकू एकत्र सांडल्यासारखी, आत पाऊल टाकलं की साडीला, हाताला भुकटी. सर बरोबर होते. मी जिंकले होते. मी वळून माझ्या पट्ट्याकडं पाहिलं, तर पट्टा नव्हता. सगळी रोपं उपटून धुऱ्यावर ढीग केलेला, मुळांची माती अजून ओली, आणि ढिगाच्या एका कडेला काडी लावलेली, पण दहिवरामुळं ढीग पेटला नव्हता. मी ओरडले की रडले, मला आठवत नाही. अण्णांनी बन्सीचं एक पान मुठीत धरून ओढलं, भगवा झालेला तळवा बघितला आणि तसेच घराकडं चालायला लागले.

काका ओसरीवर दात घासत होते. अण्णा त्यांच्यापुढं उभे राहिले, तळवा उघडा.

‘‘रोगासाठी उपटलंस,’’ त्यांनी विचारलं, ‘‘का त्या तांब्याभर पाण्यासाठी?’’

काकांनी त्या हाताकडं पाहिलं. चूळ भरली.  दोघा भावांत त्यानंतर कितीतरी दिवस शब्द नव्हता, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत चुली वेगळ्या झाल्या. मला सायकल शिकवणारा माणूस माझ्या ताटाजवळून उठून गेला, याचं दुःख मला झालं, ते मी नाकारत नाही. पण त्यांनी कॅरियर सोडला तो मीच पडावं म्हणून, तेही खरं.

मी माजघरात भिंतीला टेकून बसले होते. बियाणं उभं राहिलं नव्हतं, निवाडा सरळ होता. मायनं मला दंडाला धरून उठवलं आणि परसात नेलं. तिथं कोथिंबिरीच्या वाफ्यात, फुटक्या रांजणाच्या आडोशाला, मूठभर गव्हाची रोपं उभी होती. मातीच्या गड्ड्यासकट लावलेली, बुडाला ओल. पानोपान ठिपके. आयुष्यभर डागी पानाला हात न लावणाऱ्या माझ्या मायनं तीच रोपं खणून आणली होती, सर येऊन गेले त्याच दिवशी, भाकरीच्या टोपल्यात घालून.

‘‘भाऊजींचं तोंड बघितलं मी तवा,’’ ती म्हणाली. ‘‘ते गप बसणारं तोंड नव्हतं.’’

घागरीवरून हात काढायला तिला वेळ का लागला, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

अण्णांनी बैल जुंपले. एसटी बंदच होती. रोपं घमेल्यात घेऊन मी गाडीत बसले, वर ओलं पोतं. परभणी जवळ आली तशी रस्त्यात दगड दिसायला लागले, जळका टायर दिसला, आणि एका वळणावर पोरांनी गाडी अडवली. कुठं चाललात, घमेल्यात काय हाय? एकानं पोतं उचललं. त्यांनी विचारलं असतं कुणाकडं, तर अण्णा खोटं बोलले नसते. अण्णा एवढंच म्हणाले, पोरीचं पीक हाय. पोरांना त्यात काही कळलं नाही आणि त्यांनी गाडी सोडली.

सरांचं परभणीतलं घरही गावकुसाबाहेरच्या वस्तीत होतं, पत्र्याचं, दारात शेवग्याचं झाड. आम्हाला बघून गल्लीतली दारं एकेक करून लागली. सर बाहेर आले, आणि आधी त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, मग त्यांना घमेलं दिसलं. त्यांच्या बायकोनं हात धुवायला पाणी ओतलं. अण्णांचा तळवा सकाळपासून धुतलेला नव्हता, पायरीवरून भगवं पाणी वाहत गेलं. मग अण्णा म्हणाले, लांबून आलो, प्यायला बी द्या. तांब्या आला. घरी पितात तसाच त्यांनी तो तोंडाला लावला आणि पिऊन टाकला. एक तांब्या पाण्यानं काही बदललं असं मी कुणाला सांगत नाही. आमच्या गावात त्यानंतरही कितीतरी वर्षं पाणवठे वेगळेच होते. मी फक्त तिथं होते आणि मी पाहिलं.

सरांनी रोपं पायरीवर ठेवली आणि उकिडवे बसले. अण्णाही त्यांच्या शेजारी बसले. ठिपक्यांचं एक पान त्यांनी चिमटीत धरलं, अंगठ्यानं बुडापासून शेंड्यापर्यंत चांगलं दाबून घासलं, आणि अंगठा माझ्यासमोर धरला. स्वच्छ होता.

‘‘उभं हाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘जिंतूरला सांगून टाकतो.’’